उभ्या वाटा, आडवी गरज

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरची रेल्वे. पनवेलहून खाली बांद्यापर्यंत उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६. चिपीला एक विमानतळ, तर हद्द ओलांडताच गोव्यात मोपाला दुसरा. जयगडला आणि दिघीला बंदरे. शिवाय रेवस ते रेडी सागरी महामार्ग आणि पनवेल ते सिंधुदुर्ग द्रुतगती महामार्ग यांचे बेत. दळणवळणाची एवढी साधने लाभलेला किनारा व्यापारात आणि पर्यटनात अव्वल असायला हवा. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातला तरुण पोटासाठी मुंबईचीच गाडी पकडतो. आणि समुद्रापासून जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूरच्या कारखान्यांचा निर्यातीचा माल पुणे आणि बोरघाट करत न्हावाशेवा गाठतो.

याचे कारण या यादीतच आहे. त्यातल्या बहुतेक सर्व वाटा मुंबई आणि गोव्याला जोडणाऱ्या, म्हणजे उभ्या आहेत. समुद्र आणि देश यांना जोडणाऱ्या आडव्या वाटांकडे मात्र राज्यकर्त्यांचे दुर्लक्ष झाले. नुसते दोन उभे बांबू रोवून शिडी होत नाही, पायऱ्या लागतात. कोकणाला त्या पायऱ्या अजून मिळालेल्या नाहीत.

कोकणातल्या जुन्या व्यापाऱ्याला हे शिकवावे लागले नसते. सातवाहनकाळात कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. दाभोळला वैभव आले ते खाडीमुळे आणि तिच्या पाठीमागच्या कुंभार्लीसारख्या घाटवाटांमुळे. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापुरात वखार घातली, ती अणुस्कुऱ्याने देशावरचा माल तिथे उतरत होता म्हणून. वेंगुर्ल्याच्या बंदराचा पसारा बेळगावच्या बाजारपेठेवर पोसला गेला. घाट चालला तर बंदर चालले आणि घाट आटला की बंदरात गाळ साचला, असा हा शतकानुशतकांचा हिशेब आहे. पुढे आगबोटीही हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे थांबे घेत पणजीला जात. निदान वाटेतल्या बंदरांना त्या विसरत नव्हत्या.

कोकण रेल्वेने अभियांत्रिकीचा चमत्कार केला, यात वाद नाही. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा, ई. श्रीधरन यांचे नेतृत्व, नव्वदहून अधिक बोगदे, पानवलचा उंच पूल आणि १९९८ साली मुंबई ते मंगळुरू अखंड धावलेली गाडी, हे सगळे अभिमानाचेच. पण महाराष्ट्राने या महामंडळात २२ टक्के, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक वाटा उचलला आणि पदरात काय पडले? गोवा, कर्नाटक आणि केरळकडे धावणाऱ्या गाड्यांना जाण्यासाठी वाट. मालट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची रो-रो सेवा १९९९पासून सुरू आहे. तिचे ट्रक कोलाडला चढतात आणि पुढे वेर्णा किंवा सुरतकलला उतरतात. २०२५च्या गणेशोत्सवात मोटारींसाठी हीच सोय झाली, तेव्हाही टोके कोलाड आणि वेर्णा अशीच ठरली. कणकवलीच्या चाकरमान्याने आधी गोव्यात जायचे आणि मग उलटे फिरून घर गाठायचे! ओरड झाल्यावर नांदगाव रोडचा थांबा आला. हा निव्वळ वेळापत्रकाचा घोळ नव्हता. कोकण म्हणजे ओलांडून जायचा प्रदेश, ही धारणा त्यातून दिसली.

महामार्गाची कथा तर सर्वांना तोंडपाठ आहे. २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण मुदतीमागून मुदत गिळत राहिले. २०१६ साली महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, २०२३ साली चिपळूणला बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. कशेडीचा बोगदा झाला आणि प्रवास सुसह्य झाला, हेही मान्य करायला हवे. पण एक रस्ता पुरा करताना एवढी दमछाक झालेली यंत्रणा त्याला समांतर आणखी दोन महामार्गांची स्वप्ने दाखवते, तेव्हा प्रश्न विचारणे भाग आहे. चौथ्या उभ्या रेघेने देवगडच्या बागायतदाराच्या पेटीचा वाशीपर्यंतचा खर्च किती कमी होणार? आणि सांगलीचा बेदाणा, इचलकरंजीचे कापड रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागणार आहे का?

आडव्या जोडण्यांचे प्रस्ताव नाहीत, असे नाही. वैभववाडी-कोल्हापूर आणि चिपळूण-कराड हे रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे अर्थसंकल्पांत आणि निवडणूक सभांत धावत आहेत. जयगड आणि दिघी बंदरांना रेल्वेने जोडण्याच्या योजनाही कागदावर आल्या. मिऱ्या-नागपूर महामार्गाचे काम आंबा घाटाच्या दिशेने चालले आहे आणि तेच खरे शहाणपणाचे काम आहे. उलट करूळ घाट २०२४च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला आणि वर्षभराहून अधिक काळ वाहनांना फोंडा किंवा भुईबावड्याचा वळसा पडला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाबाबत असे वर्षभर कोणी सहन केले असते?

यावर ठरलेले उत्तर असे की, सह्याद्रीत रेल्वे चढवणे खर्चिक आहे आणि पुरेसा माल नाही. खर्च खरा आहे. बोगदे, चढण, पावसाळ्यात सरकणाऱ्या दरडी आणि पश्चिम घाटाची जंगले यांचा हिशेब टाळता येणार नाही. पण मालाचा मुद्दा उलटा लावला जातो. कंटेनरची जहाजे माल असेल तिथेच लागतात आणि माल रेल्वे असेल तिथेच येतो. वाट नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून वाट नाही, हे चक्र सरकारी गुंतवणुकीनेच फुटते. खासगी बंदराचा मालक घाट फोडायला जाणार नाही. जंगलाचीच काळजी असेल, तर बोगद्यातून जाणारा एक लोहमार्ग आणि त्याच किनारपट्टीवर समांतर टाकलेले दोन नवे महामार्ग यांची तुलना एकदा उघडपणे मांडावी.

प्रवाशाच्या सोयीतही हाच दोष आहे. राजापूर रोड, सावंतवाडी रोड यांसारखी स्थानके गावापासून दूर आहेत. उतरलेला पर्यटक मालवणला, गुहागरला कसा पोहोचणार, हा प्रश्न रिक्षावाल्याच्या मर्जीवर सोडलेला. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ साली झाले, टर्मिनस अपुरेच. चिपीचा विमानतळ २०२१ साली मोठ्या थाटात उघडला. तीन वर्षांतच मुंबईचे विमान थांबले, कारण तोवर मोपा सुरू झाला होता आणि चिपीला वेगळे काय द्यायचे, हे कोणी ठरवले नव्हते. स्थानकाबाहेर गाडीच्या वेळेला एसटी उभी राहणे, ही कोट्यवधींची योजना नाही. तरीही ती होत नाही, कारण तिचे भूमिपूजन करता येत नाही.

तेव्हा क्रम बदलायला हवा. नव्या समांतर महामार्गाच्या निविदा काढण्याआधी वैभववाडी-कोल्हापूर मार्गाला निधी आणि मुदत द्यावी. बंदराला परवाना देताना लोहमार्गाची अट घालावी. शेजारचे दोन घाट एकाच हंगामात बंद पडणार नाहीत, अशी दुरुस्तीची आखणी करावी. रत्नागिरी आणि कुडाळला आंबा, मासळी थंड डब्यांतून चढवण्याची व्यवस्था उभारावी. यातले बरेचसे काम नव्या सागरी पुलापेक्षा स्वस्त आहे. मुंबई-गोवा प्रवासातले दोन तास वाचले तर त्याचा लाभ मुंबईला आणि गोव्याला आहेच, पण चिपळूण, राजापूर, वैभववाडी यांच्या पदरात काही पडायचे तर त्यांच्या मागचा घाट आधी उघडला पाहिजे. कोकणच्या आमदार-खासदारांनी आता भूमिपूजनांच्या संख्येऐवजी याच एका मागणीवर एकत्र यावे.