खोडी काढणारी कला आणि मुके चौक

स्वच्छ सर्वेक्षणाची स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली आणि राज्यातील लहानमोठ्या शहरांच्या भिंती झपाट्याने रंगू लागल्या. शाळांची कुंपणे, पाण्याच्या टाक्या, सरकारी कार्यालयांचे आवार यांवर हसरी मुले, डेरेदार झाडे आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे संदेश अवतरले. बुलडाणा, खामगाव, मलकापूर, चिखली यांसारखी पश्चिम विदर्भातील शहरे या स्पर्धेपासून दूर राहणे शक्यच नव्हते. पिचकाऱ्यांनी बरबटलेल्या भिंतीपेक्षा चित्र केव्हाही बरे, याबद्दल दुमत नसावे. मात्र या रंगरंगोटीखाली एक मूलभूत प्रश्न झाकला गेला आहे. सार्वजनिक जागेत बोलण्याचा अधिकार नेमका कुणाचा? प्रशासनाचा आहे, कारण भिंत त्याच्या मालकीची. जाहिरातदाराचा आहे, कारण तो भाडे मोजतो. राजकीय पुढाऱ्याचा तर आहेच, कारण चौकात फ्लेक्स लावण्यासाठी त्याला कुणाला विचारावे लागत नाही. नागरिकाने आणि कलावंताने मात्र केवळ पाहायचे, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी थट्टेच्या अंगाने उलटीपालटी करणारा कलावंत म्हणून तुषार जोग यांचे नाव घ्यावे लागते. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे शिकलेले जोग कलादालनाच्या चौकटीत फारसे रमले नाहीत. शतकाच्या वळणावर काही सहकलावंतांसमवेत त्यांनी ‘ओपन सर्कल’ हा गट उभा केला. पुढे २००४ च्या सुमारास त्यांनी ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ नावाची एक संस्था काढली. नाव आणि थाट सार्वजनिक बांधकाम खात्याचा. प्रत्यक्षात संस्थेत माणूस एकच, तो म्हणजे स्वतः जोग. या ‘खात्या’ने नागरी समस्यांवर जे तोडगे सुचवले, ते सरकारी गांभीर्याने मांडलेले विनोद होते. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाला डब्याला घट्ट धरून राहता यावे, यासाठीचे उपकरण हा त्यांतलाच एक नमुना. ते पाहून प्रथम हसू येते. नंतर लक्षात येते की, गर्दी कमी करण्याऐवजी गर्दीत टिकून राहण्याची सोय प्रवाशानेच करावी, हीच तर व्यवस्थेची अलिखित अपेक्षा आहे. विनोद जोगांचा नव्हताच. त्यांनी फक्त त्याची रीतसर नोंद केली.

जोग एकटे नव्हते. शिल्पा गुप्ता यांनी २००२ नंतरच्या अस्वस्थ काळात मुंबईच्या लोकलमध्ये लाल द्रव भरलेल्या बाटल्या प्रवाशांच्या हाती दिल्या. त्यांवरचा मजकूर, माणसाच्या हाती नसलेल्या धर्म, राष्ट्र अशा गोष्टींसाठी त्याला दोषी धरण्याच्या वृत्तीवर बोट ठेवणारा होता. अतुल डोडिया यांनी दुकानाच्या पत्र्याच्या शटरलाच चित्रफलक केले. शटर वर सरकले की आत दुसरेच चित्र दिसते. रस्त्यावरच्या परिचित वस्तूला किंचित धक्का द्यायचा आणि सवयीने बोथट झालेली नजर जागी करायची, हे या सर्व कामांतील समान सूत्र होय.

तथापि महानगरातील या खोड्यांचा बुलडाण्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर जोग यांच्याच २०१० मधील प्रवासात सापडते. शांघायच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाचे निमंत्रण आल्यावर विमानाने जाण्याऐवजी ते मोटारसायकलवरून निघाले. दोन कीखोते या ध्येयवेड्या सरदाराच्या घोड्याचे ‘रोसिनान्ते’ हे नाव त्यांनी गाडीला दिले होते. हा मार्ग त्यांनी जाणीवपूर्वक आखला होता. एका टोकाला नर्मदेवरील सरदार सरोवर, दुसऱ्या टोकाला चीनमधील थ्री गॉर्जेस. दोन वेगळ्या राज्यव्यवस्था, परंतु पाण्याखाली गेलेल्या गावांचे दुःख एकच. वरकरणी वेडगळ वाटणाऱ्या त्या सफरीतून विकास आणि विस्थापन यांचा संबंध अधोरेखित झाला.

बुलडाणा जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्प १९९० च्या दशकापासून रखडत चालला आहे. काही शे कोटींचे मूळ अंदाजपत्रक हजारो कोटींवर गेले. डझनावारी गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न एका पिढीकडून दुसरीकडे सरकला. सिंचनाचा अनुशेष भरून निघावा ही वऱ्हाडातील शेतकऱ्याची मागणी न्याय्य आहे आणि विस्थापितांचे गाऱ्हाणेही तितकेच खरे आहे. या पेचावर मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, आश्वासने मिळतात. निवेदनाची भाषा मात्र वर्षानुवर्षे तीच राहिल्याने ऐकणाऱ्याचे कान निर्ढावतात. अशा वेळी वेगळ्या भाषेची गरज असते आणि ती भाषा कलावंत देऊ शकतो.

ही भाषा आपल्याकडे आयात करावी लागेल असेही नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. तीत सामील होणारे बडगे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत चालू घडामोडींवर उघडउघड शेरेबाजी करतात. खुद्द बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. अक्षय्य तृतीयेला उघड्या शेतात घट आखायचा, भोवती अठरा धान्ये मांडायची, मधोमध मातीची ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पान-सुपारी ठेवायची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पाऊस, पीक आणि ‘राजा’ची गादी यांविषयी बोलायचे. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा त्यांवरील आक्षेप रास्तच आहे. परंतु भाकित बाजूला ठेवून केवळ रूपाकडे पाहिले, तर ही मोकळ्या जागेत केलेली कलात्मक मांडणीच ठरते. शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचे प्रश्न आणि सत्ता यांना एकाच वर्तुळात बसवणारी मांडणी इथल्या मातीला परिचित आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग अडते कुठे? एक अडसर कायद्याच्या असमान वापराचा आहे. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ चा. बेकायदा फलकांविरुद्ध ‘सुस्वराज्य फाउंडेशन’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिला. त्यानंतरही वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स हटले नाहीत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जणांचे बळी गेले, तेव्हा कुठे लोखंडी सांगाडे मोजण्याची धावपळ झाली. ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा आहे त्यांच्याबाबत इतका सैल असणारा कायदा, भिंतीवर प्रश्नचिन्ह रंगवणाऱ्या विद्यार्थ्याबाबत तसाच सैल राहील, याची खात्री कोण देणार?

दुसरा अडसर भावना दुखावण्याच्या भीतीचा. शेगाव, सिंदखेडराजा ही जिल्ह्याची श्रद्धास्थाने आहेत आणि तेथे मस्करीला स्थान नसावे, हे समजण्यासारखे आहे. मात्र श्रद्धास्थानाचा नियम प्रत्येक चौकाला आणि प्रत्येक पुतळ्याच्या परिसराला लागू झाला, तर शहरात हसण्याजोगी जागाच उरत नाही. महानगरातील कलावंताच्या पाठीशी कलादालन, समीक्षक, परदेशी निमंत्रणे असतात. खामगाव किंवा मेहकरच्या तरुण चित्रकारापाशी यांतले काहीच नसते. म्हणूनच एकच खोडी मुंबईत कलाकृती ठरते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गुन्हा ठरू शकते. ही विषमता कलेपुरती मर्यादित नाही. ती नागरिकत्वाचीही आहे.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक नगरपालिकेने एखादी भिंत विषयाचे बंधन न घालता ठरावीक मुदतीसाठी कलावंतांना द्यावी. मजकुराची पूर्वतपासणी करू नये. द्वेष पसरवणारे काही आढळले तर त्यासाठी प्रचलित कायदे पुरेसे आहेत. मुदत संपताच भिंत पुसून पुढच्याला द्यावी. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसा खाणीच्या गावातून पुढे येऊन जगभर पोहोचलेले प्रभाकर पाचपुते यांनी भिंतीवर कोळशाने काढलेली कित्येक चित्रे प्रदर्शनानंतर पुसली गेली. त्यामुळे त्यांचे मोल घटले नाही. पुसता येणाऱ्या चित्राचे भय बाळगण्याचे कारण प्रशासनालाही नसावे.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले आणि टाळेबंदीत अडकलेल्या देशाचे लक्ष बुलडाण्याकडे वळले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत स्पष्ट झाले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. विवर हजारो वर्षे तेथेच होते आणि त्याच्या संवर्धनाचा प्रश्नही जुनाच होता. रंग बदलला तेव्हा लोकांनी पाहिले, विचारले, शोध घेतला. सार्वजनिक जागेतील खोडकर कला याहून वेगळे काही करू पाहत नाही. भिंतींवरची हसरी मुले नगरपालिकेला गुण मिळवून देतील. जिगावचे पाणी आणि पुनर्वसन कुठे अडले, हे विचारण्याची हिंमत मात्र ती देणार नाहीत. त्यासाठी शहरात एक तरी भिंत अशी हवी, जिच्यावर काय उमटणार हे कुणालाच आधी ठाऊक नसेल.