आधी खप तोडा, मग तार



बिल भरूनही ऐन जेवणाच्या वेळी अंधार होतो. मग सभेत प्रश्न येतो, ‘छपरावर सोलर टाकून घरची तारच तोडली तर?’ तोडता येते. पण दुकानदार प्लेटा किती ते आधी सांगतो, तुमचा खप किती ते विचारतच नाही. आमचा क्रम उलटा आहे. कोरडवाहूत पाऊस वाढविणे आपल्या हाती नाही, डवऱ्याचा फेर देऊन आहे ती ओल धरून ठेवणे हाती आहे.

हिशेब मांडू. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. 60 वॅटचे चार जुने बल्ब रोज पाच तास जळले की 1200 वॅट-तास गेले. त्याच जागी 9 वॅटचे एलईडी लावले तर 180. जुना पंखा 75 वॅटचा, दहा तासांत 750. बीएलडीसी पंखा 30 वॅटचा, त्याला 300. छोटा टीव्ही तीन तास 150, मोबाइल 20. बेरीज 650, म्हणजे पाऊण युनिटाच्या आत. (जुना ‘झीरो’चा बल्ब नावालाच झीरो. दहा-पंधरा वॅट खातो, तेही रात्रभर.)

खरा खादाड म्हणजे पाणी तापविण्याचा रॉड. 1500 वॅटचा रॉड अर्ध्या तासात 750 खातो, वरच्या सगळ्या बेरजेपेक्षा जास्त. अंगणातला बंब पऱ्हाट्यांवर तापतो. मात्र काटकसरीच्या नावाने धूर पुन्हा बाईच्याच डोळ्यांत नको, बंब पुरुषांनी पेटवावा.

650 वॅट-तासांना 250 वॅटची प्लेट आणि 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. ही बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवू नये. श्रावणाच्या झडीत टीव्ही बंद ठेवावा लागेल. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. तो पैसा आतापासून बाजूला पडला नाही, तर बॅटरीसाठी सावकाराचे दार आहेच. फ्रीज आणि कूलर या हिशेबात बसत नाहीत. मे महिन्यात घरी म्हातारे माणूस असेल तर तार ठेवा, त्यात कमीपणा नाही.

2024 साली आलेल्या सूर्यघर योजनेचे अनुदान तारेला जोडलेल्या प्लेटांसाठी आहे. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून लाइन गेली की अशा प्लेटाही बंद पडतात. सोबत बॅटरीची सोय नसेल तर छपरावर ऊन आणि घरात अंधार!

आणि सरकारने यातून भलता अर्थ काढू नये. घरचा खप आम्ही आमच्या सोयीने तोडतो, शेतीपंपाच्या विजेची मागणी एका तासानेही कमी करीत नाही.

आजपासून महिनाभर रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहा. महिना 20 युनिटांत निघाला तरच प्लेटांचा भाव विचारा. तार तोडायचीच ठरली तर जोडणी कायमची बंद करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीतर वापर शून्य असला तरी स्थिर आकाराचे बिल येतच राहील. वही पुढच्या सभेला घेऊन या.