ऐकणारा समाज कोठे गेला?

२७ आणि २८ मे १९९६ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर चर्चा झाली आणि दूरदर्शनने ती थेट घराघरांत पोहोचविली. संख्याबळ नव्हते, तेरा दिवसांचे सरकार जाणार हेही उघड होते. तरीही लोक तासन्‌तास ऐकत राहिले. मतदान न होताच अटलजी राजीनामा देण्यासाठी राष्ट्रपतींकडे निघाले, तेव्हा सत्ता गमावणारा हा नेता जनमानसात उंचावलेला होता. १९९८च्या सत्तांतराचे सारे श्रेय त्या एका भाषणाला देणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु देशाने त्या दिवशी एक संपूर्ण युक्तिवाद ऐकला, हे नाकारता येणार नाही.

आज त्या भाषणाचे काय झाले असते? सभागृहात वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच त्याचा तुकडा भ्रमणध्वनीवर फिरू लागला असता. समर्थकांनी टोला उचलला असता, विरोधकांनी अडखळणे. वाहिन्यांनी वक्त्याला पडद्याच्या कोपऱ्यात बसवून आपल्या प्रवक्त्यांचे कोंबडे झुंजविले असते.

देशात उपग्रह वाहिन्यांची संख्या आठशेच्या पुढे गेली. २००६मध्ये लोकसभेची स्वतंत्र वाहिनी आली. २०२१मध्ये राज्यसभेची वाहिनी तिच्यात विलीन होऊन ‘संसद टीव्ही’ झाली. म्हणजे भाषणे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक उपलब्ध आहेत, पण त्यांचा ठसा मात्र पुसट झाला. हे केवळ भारतात घडले असेही नाही. अमेरिकेत १९९३ साली बिल क्लिंटन यांचे काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनातील भाषण सुमारे ६.६९ कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. २०२३मध्ये जो बायडेन यांच्या वाट्याला सुमारे २.७३ कोटी प्रेक्षक आले.

यावर ८ नोव्हेंबर २०१६ व २४ मार्च २०२० यांचे दाखले दिले जातात. नोटाबंदीची आणि टाळेबंदीची घोषणा देशाने श्वास रोखून ऐकली, हे खरेच. परंतु तेथे लोकांना निर्णय जाणून घ्यायचा होता. खिशातील पाचशेच्या नोटेचे काय, उद्या दुकान उघडणार की नाही, हा प्रश्न होता. त्या दोन रात्रींवरून मतपरिवर्तन घडविणाऱ्या वक्तृत्वाची प्रकृती ठणठणीत असल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. संवादाची निकड ओळखूनच बहुधा ‘मन की बात’साठी ३ ऑक्टोबर २०१४पासून जुन्या आकाशवाणीचा आधार घेण्यात आला.

पडद्याची सत्ता तशीही कधी निरंकुश नव्हती. फेब्रुवारी १९७७मध्ये रामलीला मैदानावरील विरोधकांच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ दाखविण्यात आला. दिल्लीकर तो सोडून मैदानावर गेले! सभेतील श्रोता वेळ खर्चून, पाय दुखवून येतो आणि विचार पटला नाही तरी शेवटपर्यंत थांबतो. घरातल्या प्रेक्षकाच्या हाती दूरनियंत्रक आहे.

खरी हानी संसदीय चर्चेची होत आहे. पुढचा अर्धा तास कोणी ऐकणार नाही, हे खासदारालाही कळून चुकले आहे. मग अर्थसंकल्पातील तरतूद समजावण्यात, प्रतिपक्षाचा मुद्दा खोडण्यात तो श्रम कशाला घेईल? तो एक शेर, एक कोटी, एक आरोप तयार करून येतो, छायाकाकडे पाहून तेवढे बोलतो आणि बसतो. विधेयकातील कलमे मात्र गोंगाटात संमत होतात आणि त्यांचा अर्थ मतदाराला कळतो तो कायदा दारात येऊन उभा राहिल्यावर.