बेकारीचे आकडे आणि कामाची हमी

देशातील बेकारी झपाट्याने हटत चालली आहे, असे अलीकडे शासकीय व्यासपीठांवरून वारंवार सांगण्यात येते आणि त्यास आधार म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमशक्ती पाहणीचे आकडे पुढे करण्यात येतात. ते आकडे खोटे नाहीत. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या श्रमशक्तीपैकी ६ टक्के लोक बेकार होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ३.२ टक्क्यांवर आले. ग्रामीण भागात तर ते अवघे २.५ टक्के होते. हा हिशेब जसाच्या तसा स्वीकारला, तर धाराशिवसारख्या ग्रामीण जिल्ह्यात बेकारीचा प्रश्न जवळजवळ सुटला, असे मानावे लागेल. मग दसरा सरताच भूम, वाशी, कळंब आणि परंडा तालुक्यांतील गावांमधून ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांत बिऱ्हाडासह कोण बसतो, आणि पदवी हातात घेऊन पुण्याच्या गाडीत कोण चढतो, या प्रश्नाचे उत्तर त्या टक्केवारीत सापडत नाही. ते अन्यत्र शोधणे भाग आहे.

याच पाहणीतील प्रांतवार आकडे पाहिले म्हणजे टक्केवारीचा फसवेपणा ध्यानात येतो. २०२३-२४ मध्ये बेकारीचे प्रमाण गोव्यात ८.५ टक्के, केरळात ७.२ टक्के, तर मध्य प्रदेशात केवळ १ टक्का होते. गोवा आणि केरळ हे मध्य प्रदेशाहून दरिद्री आहेत, असे कोणीही म्हणणार नाही. शिक्षणानुसार पाहिले तरी तेच दिसते. निरक्षरांमध्ये बेकारी एक टक्काही नाही. माध्यमिक व त्यापुढील शिक्षण घेतलेल्यांत मात्र ती ६ टक्क्यांहून अधिक आहे. याचा अर्थ उघड आहे. मनाजोगते काम मिळेपर्यंत थांबणे ज्याच्या घरात दुसऱ्या कोणाची तरी मिळकत येते, त्यालाच परवडते. भूमिहीन मजुराला बेकार राहण्याचीदेखील ऐपत नसते. तो मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर करतो आणि पाहणीच्या कागदावर त्याची नोंद ‘कामावर असलेला’ अशी होते. तेव्हा बेकारीची अल्प टक्केवारी हे सुबत्तेचेच लक्षण असते असे नव्हे. पुष्कळदा ते अगतिकतेचे लक्षण असते.

हा दोष पाहणी करणाऱ्यांचा नाही. तो व्याख्येत आहे. वर्षातील अधिक काळ काम न करणाऱ्या, परंतु एकंदर तीस दिवस दुय्यम काम केलेल्या व्यक्तीसही नित्य स्थितीच्या गणनेत कामावर असल्याचे मानले जाते. आठवड्याच्या गणनेत तर त्या सात दिवसांत एक तासाचे काम पुरेसे होते. सोयाबीनची खुरपणी आणि काढणी मिळून महिनाभर राबलेली आणि उरलेले अकरा महिने कामाची वाट पाहणारी लोहारा तालुक्यातील शेतमजूर स्त्री या हिशेबाने रोजगार असलेली ठरते. काँग्रेस समाजवादी पक्षाशी संबंध असलेले अर्थशास्त्रज्ञ प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० सालीच दाखवून दिले होते की, शेतीप्रधान देशातील बेकारी एका आकड्यात कोंबता येत नाही. माणूस नव्हे, तर माणसाचा रिकामा गेलेला काळ मोजला पाहिजे. १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत नित्य, साप्ताहिक आणि दैनिक अशी तीन मापे आली, ती या विचारातूनच. पन्नास वर्षांनंतर प्रचारात मात्र सर्वांत सोयीचे माप तेवढे शिल्लक राहिले आहे.

कोणत्या क्षेत्रात रोजगार वाढला, हे पाहिले म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. अर्थव्यवस्था विकसित होते तेव्हा माणसे शेतीतून उद्योगाकडे सरकतात, हा जगाचा अनुभव आहे. येथे उलटे घडले. एकूण काम करणाऱ्यांपैकी शेतीवर असलेल्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ४४.१ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाले. कारखानदारीचा वाटा १२.१ वरून ११.४ टक्क्यांवर उतरला. याच काळात स्वयंरोजगारात असलेल्यांचे प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर, आणि घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन राबणाऱ्यांचे प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला, याचे कौतुक होते. परंतु त्या वाढीचा मोठा भाग घरच्याच शेतात बिनमजुरीने केलेल्या कामाचा असेल, तर तिला रोजगाराची वाढ म्हणावे, की तीच भाकरी अधिक हातांत वाटून घेणे म्हणावे?

धाराशिव जिल्ह्यात या राष्ट्रीय प्रवाहाचे रूप उघडे दिसते. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेला हा प्रदेश १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७४ मध्ये गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या मुळाशी नोकऱ्यांचा आणि मागासलेपणाचाच प्रश्न होता. त्यानंतर १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, २०१३ मध्ये विजय केळकर समितीने पुन्हा अहवाल दिला आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्या मंडळांची मुदतही संपली. समित्यांची परंपरा अशी अखंड चालली. कारखानदारी मात्र मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या पट्ट्यातच एकवटत राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांहून अधिक लोकवस्ती असलेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची गणना २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील मागास, म्हणजे नव्या परिभाषेत ‘आकांक्षित’, जिल्ह्यांत केली. नाव सुंदर दिले म्हणून आकांक्षा पुऱ्या होत नाहीत.

येथील शेती प्रामुख्याने कोरडवाहू. खरिपात सोयाबीन, तूर, उडीद. पाऊस झाला तर रब्बीची ज्वारी, हरभरा. सोयाबीनने पीकपद्धती बदलली आणि मळणी यंत्राने सुगीचे दिवस कमी केले. मजुराला हक्काची मागणी असते ती मोजके आठवडे. उरलेल्या काळाची पोकळी मुकादमाची उचल भरून काढते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल पुरुषाच्या हाती पडते. फडात पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीची स्वतंत्र मजुरी कोठेच लिहिली जात नाही. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कोपीत राहणाऱ्या या कुटुंबाच्या मुलांची शाळा तुटते. हंगाम संपून हिशेब झाला की उचल फिटलेली नसते. ती पुढल्या वर्षावर चढते. पाहणीच्या लेखी मात्र हे दोघेही वर्षाचा अधिक काळ कामावर असतात.

या पार्श्वभूमीवर रोजगार हमीचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास, नालाबांध आणि पाझर तलावांच्या कामांवर माणसे लोटली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत पोचली होती. प्रा. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ सालीच ग्रामीण दारिद्र्यावर सार्वजनिक कामांचा उपाय मांडला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात त्याचा पूर्वप्रयोग केला होता. दुष्काळात डाव्या व समाजवादी पक्षांनी मजुरांचे जे लढे उभे केले, त्यांनी या विचाराला बळ दिले. १९७५ मध्ये शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने कामाचा हक्क आर्थिक कुवतीच्या मर्यादेत सांगितला होता. महाराष्ट्राने ती कुवत कर बसवून निर्माण केली आणि ‘मागेल त्याला काम’ हे वचन कायद्यात आणले.

या वचनात एक तत्त्व दडलेले आहे. येथे बेकार कोण, हे अधिकारी ठरवीत नाही, पाहणीही ठरवीत नाही. उन्हात टिकाव घेऊन उभा राहण्यास तयार असलेला माणूस स्वतःच ते ठरवितो. म्हणून हमीच्या कामावरील हजेरीपत्रक ही ग्रामीण बेकारीची सर्वांत प्रामाणिक शिरगणती होय. देशाने २००५ मध्ये हेच तत्त्व स्वीकारले, ते प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवस या मर्यादेत. अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्राने उचलला. १०० दिवसांपलीकडची जबाबदारी महाराष्ट्राने आपल्या कायद्यानुसार स्वतःवर घेतली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी नवा कायदा संमत केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांचे आश्वासन आहे आणि प्रचार तेवढ्याचाच होतो. परंतु खर्चाची विभागणी बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० अशी झाली आहे; प्रत्येक राज्याचा वार्षिक नियतव्यय केंद्र निकष लावून ठरविणार आहे; त्यापलीकडे खर्च झाल्यास तो राज्याने सोसावयाचा आहे; आणि पेरणी-काढणीच्या ऐन काळात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आहे. दिवस वाढले, पण पैशाला आधीच कुंपण पडले. मागणीनुसार पैसा, हे हमीचे मर्म होते. पैशानुसार मागणी, ही अनुदानाची रीत झाली. मंजूर रकमेच्या पुढे काम मागणाऱ्यास कार्यालयातूनच परत पाठविले गेले, तर त्याची बेकारी हजेरीपत्रकावर चढणारच नाही. रोजगार आणि बेकारीची गणना, दोन्ही एकदमच बुडतील.

निकष लावून गरज आधीच ठरविता येत नाही, हे धाराशिवइतके कोण जाणतो? २०१५-१६ मध्ये येथे पिण्यास पाणी नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने भूम-परंड्याच्या शिवारातील पिके तर गेलीच, पण ठिकठिकाणी जमिनीची मातीच खरडून गेली. त्यानंतर राज्य शासनाने जाहीर केलेल्या मदतीतही जमीन दुरुस्तीसाठी रोजगार हमीचाच आधार घ्यावा लागला. ज्या वर्षी सुगी बुडते त्याच वर्षी मजूर आणि अल्पभूधारक दोघेही काम मागावयास येतात. दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून आखलेला नियतव्यय अशा वर्षी पुरणार कसा?

हंगामात मजूर मिळत नाहीत, हा शेतकऱ्याचा आक्षेप हेटाळून चालणार नाही. त्याची अडचण खरी आहे. पण तिचे कारण निराळे आहे. २०२४ च्या सुगीत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्याला पुष्कळ ठिकाणी त्याहून बऱ्याच कमी दराने माल विकावा लागला. ज्याच्या मालाला हमीचा भाव मिळत नाही, तो मजुरास रास्त दाम देणार कोठून? एकाची भावाची हमी पाळावयाची नाही आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्याची कामाची हमी स्थगित करावयाची, हा गरिबाला गरिबाशी झुंजविण्याचा प्रकार आहे. शिवाय या जिल्ह्यातील अल्पभूधारक वर्षातील काही महिने स्वतःच मजूर असतो. काढणीच्या सुमारास कामे बंद राहिली आणि लागलीच गळीत हंगाम सुरू झाला, तर गावात थांबण्याचे कारणच उरणार नाही. त्या थांबविलेल्या दिवसांचा सर्वांत मोठा लाभार्थी शेतकरी नव्हे, मुकादम ठरेल.

हमीची आजवरची अंमलबजावणी निर्दोष होती, असे कोणी म्हणू नये. मजुरी आठवडेच्या आठवडे थकते. यंत्राने काम उरकून हजेरी भलत्याच नावांवर लागते. भ्रमणध्वनीवर छायाचित्र चढले नाही म्हणून राबलेल्याचा दिवस बुडतो. २०२५-२६ चा ३१२ रुपयांचा दर महागाईपुढे तोकडा आहे. पण गळक्या विहिरीची डागडुजी करावयाची असते. तिचे पाणी मोजून बंद करावयाचे नसते. त्याचप्रमाणे हमीचे काम हे कायम रोजगाराला पर्याय नव्हे. कृष्णा-मराठवाडा योजनेचे पाणी, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग, सोयाबीन आणि खव्यावरील प्रक्रिया, उस्मानाबादी शेळीच्या जोपासनेला बाजाराची जोड यांवाचून शिकलेल्या तरुणाचा प्रश्न सुटणार नाही. परंतु ते होईपर्यंतची वर्षे माणसाने कशावर काढावीत, याचे उत्तर कामाची हमी हेच आहे.

म्हणून पक्षाच्या शाखांपुढील कार्य स्पष्ट आहे. १९७७ च्या राज्य कायद्यातील वचन अबाधित ठेवून, केंद्राचा नियतव्यय संपल्यानंतरचा खर्च राज्याने करावा, ही मागणी विधिमंडळात आणि रस्त्यावर धसास लावली पाहिजे. व्यवसाय कर त्यासाठीच बसविण्यात आला होता, याचे स्मरण शासनास द्यावे लागेल. कामे थांबविण्याचे दिवस मुंबईत नव्हे, तर तालुक्याची पिके पाहून आणि ग्रामसभेला विचारून ठरावेत. किती जणांनी काम मागितले आणि किती जणांना मिळाले, हा हिशेब दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आणि या सर्वांच्या आधी, प्रत्येक गावात मजुरांचे, विशेषतः स्त्री-मजुरांचे, स्वतंत्र लेखी अर्ज भरून त्यांची तारखेसह पोच घेतली पाहिजे. उचल घरात येण्यापूर्वी हे काम उरकले, तरच त्याचा उपयोग.

नोंदविलेली मागणी नाकारता येते, पण ती नव्हतीच असे म्हणता येत नाही. देशात बेकारी ३.२ टक्के आहे म्हणणाऱ्यांना धाराशिवच्या गावोगावच्या पोचपावत्या दाखविता आल्या, तर त्या वादाचा निकाल लागावयास वेळ लागणार नाही.