चार केबल, एकच रांग

उंब्रजहून कराडला येताना तासवड्याचा टोलनाका लागतो. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, तरी दिवाळीच्या सुट्टीत तिथे रांग लागतेच. गंमत अशी, की पुढची गाडी जिथे वळली तिथेच मागच्या दहा वळतात. शेजारची लेन मोकळी असली तरी! आपले सर्व्हर अगदी हेच करतात, आणि ते आपल्याला माहीतही नसतं.

मागच्या सुट्टीत मी एका ठिकाणी ट्रेनिंगला होते (नाव नको). तिथे सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत चार मार्ग होते. रात्री बॅकअप सुरू झाला की डेटाबेस रडायचा. नवीन डिस्कचं कोटेशनसुद्धा आलं होतं. मग एका सरांनी 'एमपीक्लेम' कमांड देऊन बघितलं, तर पॉलिसी 'फेल ओव्हर ओन्ली'. म्हणजे एक मार्ग चालू, बाकीचे तीन नुसते राखीव. ही पॉलिसी कुणी निवडली? कुणीच नाही. ती डिफॉल्ट होती.

या 'डिफॉल्ट'ला मराठीत काय म्हणायचं, यावर माझा आणि रूममेटचा वाद झाला. कॉन्व्हेंटवालीला काही सुचेना. ती म्हणाली, "न विचारता ठरलेलं." मला पटलं.

आता कुणी म्हणेल, सगळीकडे 'राउंड रॉबिन' लावून टाका. तसंही नाही हो. उंब्रजहून मसूरमार्गेही कराडला जाता येतं, पण वळसा पडतो. बऱ्याच स्टोरेजमध्ये प्रत्येक डिस्कचा मालक असा एकच कंट्रोलर असतो. दुसऱ्याकडून गेलात की वळसा. म्हणून विंडोजमध्ये 'राउंड रॉबिन विथ सबसेट' आहे. ते फक्त जवळच्या मार्गांत वाटणी करतं. शिवाय राउंड रॉबिन नुसती पाळी लावतं. पुढे उसाची ट्रॉली आहे की मोटारसायकल, हे बघत नाही. ते बघायचं तर 'लीस्ट क्यू डेप्थ'. व्हीएमवेअरमध्ये तर राउंड रॉबिन लावलं तरी मूळ सेटिंगप्रमाणे एका मार्गावर १००० विनंत्या गेल्यावर मग दुसऱ्याची पाळी!

"कंपनीच्या तज्ज्ञांनी ठरवलंय, आपण कशाला हात लावा?" असं लॅबमध्ये हमखास ऐकू येतं. पण त्या तज्ज्ञांनी तुमचं स्टोरेज कुठे पाहिलंय? आणि डिफॉल्टही बदलतात. रेड हॅट ६ मध्ये 'राउंड रॉबिन' होतं, ७ पासून 'सर्व्हिस टाइम' आलं. जुन्या नोट्सवर विसंबून राहिलात तर फसलात. लिनक्सवर 'मल्टिपाथ -एलएल' ही एक ओळ टाइप करायला किती वेळ लागतो?

आमच्या प्रॅक्टिकलला मात्र 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' आणि जर्नलवर सही. माझं मागणं छोटं आहे. महागडं स्टोरेज नको. दोन जुने पीसी, प्रत्येकात दोन नेटवर्क कार्डं आणि फुकटचं लिनक्स एवढ्यात आयस्कझीवरून दोन मार्ग उभे राहतात. एक केबल उपटायची, काय होतं ते बघायचं. मग दोन्ही जोडून पॉलिसी बदलायची आणि आकडे जर्नलमध्ये लिहायचे.

पीसी हॉस्टेलच्या अडगळीत पडलेत. सरांनी हो म्हटलं तर शनिवारी आम्ही तिघी उचलून आणतो.