बसविणारे कोण आणि उठविणारे कोण?

उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, आणि नळदुर्ग या नगरपरिषदांतील दोन लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये निर्णय दिला. त्याची आमच्या जिल्ह्यात व्हावी तितकी चर्चा झाली नाही. एकावर परवानगीबाहेर घर बांधल्याचा ठपका होता, दुसऱ्यावर ठेका देण्यातील अनियमाचा. राज्याच्या मंत्र्यांनी दोघांसही दूर केले आणि वर सहा वर्षे निवडणुकीस उभे राहण्याची बंदी घातली. न्यायालयाने ते आदेश रद्द केले, आणि लोकांनी निवडलेल्या माणसास अधिकाऱ्यांच्या वा त्यांच्या राजकीय धन्यांच्या लहरीप्रमाणे काढता येत नाही, असे बजावले. हे योग्यच झाले. परंतु आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो न्यायालयापुढे नव्हताच. मंत्र्यांनी काढले, न्यायालयाने परत बसविले; या साऱ्या प्रकरणात मतदार कोठे होता? त्याचा प्रतिनिधि दोषी की निर्दोष, हे त्यास कोणी विचारले काय?

1965 च्या नगरपरिषद कायद्यात त्यास विचारण्याची सोयच नाही. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, असे 2016 साली ठरले. 2020 साली ते मोडले. 2022 साली पुन्हा आणले. सरकार बदलले की नियम बदलतो, हे आता अंगवळणी पडले आहे. पुढे एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय केला की, अशा थेट निवडलेल्या अध्यक्षास दोन-तृतीयांश नगरसेवकांच्या बहुमताने काढता यावे. म्हणजे बसविणार सारे शहर आणि उठविणार मूठभर सभासद! आमच्या व्यापारी वाचकांस हे निराळे समजाविण्याची गरज नाही. अडतीच्या दुकानात मुनीम ठेवतो मालक. त्यास काढण्याचा अधिकार सोबतच्या कारकुनांस दिला, तर त्या पेढीचे काय होईल? जो मुनीम कारकुनांस सांभाळून घेईल तो टिकेल, मग चोपडी कशीही असो.

नवल हे की, खेड्यातील माणसास याहून अधिक हक्क मिळाला आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात 2017 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीन-चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास संमत केला तरी तेवढ्याने भागत नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो व गावकरी गुप्त मतदानाने त्याचा निकाल लावतात. निवडणुकीनंतर दोन वर्षे आणि मुदत संपण्यापूर्वीचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. तेरच्या शेतकऱ्यास जो अधिकार आहे तो तेथून जवळच असलेल्या धाराशिवच्या दुकानदारास नाही, याचे समर्थन कोणी आम्हांस करून दाखवावे.

शहरात अशी मतमोजणी अवघड, असे कोणी म्हणेल तर त्याने छत्तीसगडाकडे पाहावे. तेथे तीन-चतुर्थांश नगरसेवकांच्या मागणीवरून नागरिकांचे मतदान झाले आणि 2008 साली गुंडरदेही, राजपूर व नवागढ येथील अध्यक्षांस नागरिकांनीच घरी पाठविले. मतपत्रिकेवर चिन्हे दोन: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. निरक्षर म्हातारीसही यात अडचण पडू नये. आमच्या महाराष्ट्रात तरी हे नवे कोठे आहे? उभी बाटली की आडवी बाटली, या एका प्रश्नावर गावोगावच्या बायांनी मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली आहेत. दुकान बंद करण्याइतकी अक्कल ज्या मतदाराजवळ आहे, त्याजवळ अध्यक्ष पारखण्याची नाही, असे मानणे हा त्याचा अपमान होय.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका लेखीत नाही. परत बोलावण्याचे हत्यार तटाच्या, जातीच्या वा पुरुषी अहंकाराच्या हाती पडेल, ही भीति खरी आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांस सासूसोबत सरकारी जागेवरील घरात राहतात या आरोपावरून अपात्र ठरविण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये त्यांस पुन्हा पदावर आणले, आणि स्त्रीने सरपंच व्हावे हेच गावातील कित्येकांस रुचले नाही, ही गोष्ट लपविली नाही. पण हे घडले ते अधिकाऱ्यांच्या आदेशाने, गावच्या मतदानाने नव्हे. बंद खोलीतील अर्जाने जे साधते ते उघड आरोप व गुप्त मत या मार्गाने साधणे पुष्कळ कठीण असते. तरीही आमचे म्हणणे असे की आरोप लेखी असावा, पदाधिकाऱ्यास उत्तर देण्यास पुरेशी मुदत मिळावी, आणि एका कार्यकाळात हा प्रसंग एकदाच यावा.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी काही वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाकडे न्यावी हे नागरिकांस कळत नव्हते. आता सभागृहे भरली आहेत. तेव्हा धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा येथील नगरसेवकांनी पहिल्या काही सभांतच असा ठराव करून शासनाकडे पाठवावा की, दोन-तृतीयांश सभासदांचा अविश्वास हा शेवट नसावा. त्यावर शहरातील मतदारांचे गुप्त मतदान व्हावे. व्यापारी मंडळांनी त्यांस तसे लेखी कळवावे. जे नगरसेवक या ठरावास विरोध करतील त्यांची नावे आम्ही याच स्तंभात छापू.