वरचा बर्थ कोणाचा?

अमेरिकेत मोटरहोमच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक आकडा असतो तो झोपणाऱ्यांचा. ‘सहा जण झोपतात’, ‘आठ जण झोपतात’. या आकड्यात ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा धरलेला असतो, जेवणाचं टेबल खाली पाडून होणारा पलंग धरलेला असतो, आणि ज्यावर एका माणसाला धड पाय पसरता येत नाहीत तो सोफा चक्क दोघांचा म्हणून मोजलेला असतो. आमची जुनी गाडीही सहा जणांची. आम्ही दोघं आणि दोन मुलं, म्हणजे कागदावर चैनच. प्रत्यक्षात रोज रात्री टेबल पाडा, गाद्या जुळवा, सकाळी सगळं पुन्हा उभं करा. शेवटी सोफा काढून तिथे मुलांसाठी दोन मजली पलंग करायचा ठरला. सुतारकाम माझ्याकडे आलं आणि मुलांची भांडणं नवऱ्याकडे.

इथली सिंगल गादी ३८ इंच रुंद आणि ७५ इंच लांब असते. तेवढी रुंदी दिली तर गाडीत चालायला वाटच उरत नाही, म्हणून मी २८ इंचांवर थांबले. रेल्वेच्या बर्थवर वाढलेल्या माणसाला त्यात अडचण वाटत नाही. कोल्हापूरहून मुंबईला मामाकडे जायचं ते महालक्ष्मी एक्सप्रेसने आणि वरच्याच बर्थवर, असा माझा लहानपणीचा हट्ट. त्या बर्थवर निदान गादी होती, ती मधु दंडवत्यांमुळे. राजापूरचे हे खासदार १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम चढला. माझ्या मुलांना मी चार इंच दिला. त्याहून जाड नको, कारण गादी जेवढी जाड तेवढा कठडा बुटका.

कठड्याच्या बाबतीत मात्र आपल्या रेल्वेचा आदर्श ठेवू नये. घरातल्या दोन मजली पलंगांसाठी अमेरिकेत १९९९ साली सक्तीचे नियम झाले आणि २००० पासून ते लागू आहेत. गाडीतही मी तेच पाळले. कठडा गादीच्या वर निदान पाच इंच हवा. कुठलीही फट साडेतीन इंचांहून मोठी नको, कारण मुलाचं अंग फटीतून खाली सरकतं आणि डोकं अडकतं. हे नियम झाले तेच अशा मृत्यूंमुळे. वरच्या पलंगाला भिंतीच्या बाजूनेही पूर्ण लांबीचा कठडा लागतो, हे वाचून मी आधी हसले होते. भिंत असताना कठडा कशाला? तर गादी आणि भिंत यांच्या मधल्या खाचेत मूल अडकतं म्हणून. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नाही, हेही तिथेच सांगितलेलं. त्यामुळे आमच्याकडचं भांडण मिटलं, म्हणजे निकाल लागला. पाच वर्षांचा धाकटा अजून नाराज आहे.

खरी परीक्षा भिंतीची. घराची भिंत समजून मोटरहोमच्या भिंतीत स्क्रू मारू नका. आत पातळ प्लाय, मध्ये फोम, बाहेर फायबरग्लासचा पत्रा. धरून ठेवणारा सांगाडा कुठे कुठेच. पलंगाचा भार भिंतीवर न टांगता पायांवरून जमिनीत उतरवायचा आणि भिंतीला फक्त डोलू नये एवढंच पकडायचं. गाडी दिवसभर हादरत असते, नुसते स्क्रू ढिले होतात. म्हणून बोल्ट, आणि त्यावर आत नायलॉनचं कडं असलेले नट. दोन्ही पलंगांच्या तळाला सलग फळीऐवजी पट्ट्या ठोकल्या. रात्रभराच्या श्वासाची वाफ थंड फळीवर साचली की गादीच्या पोटाला बुरशी धरते.

वजनाचाही हिशेब आहे. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच गेले, आणि गाडीने माणसं नि सामान मिळून किती वाहायचं याला मर्यादा असते. म्हणून १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय सोडून जवळपास एक तृतीयांश हलका पॉपलर घेतला. आणि लाल हँडलची ती खिडकी! आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. तिच्यासमोर पलंगाचा खांब आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पलंग झाला तेव्हा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, “छान झालंय गं. आता गाडी चालली की पोरं वर निवांत झोपतील.” आईचं चूक नाही. आपल्यासाठी बर्थ म्हणजे चालत्या गाडीतली झोप. पण ट्रेनला थांबायला कित्येकशे मीटर लागतात, वरच्या बर्थवर ब्रेक जाणवतही नाही. रस्त्यावरची गाडी काही सेकंदांत थांबते आणि पलंगावरचं मूल थांबत नाही. मोटरहोममधला पलंग फक्त उभ्या गाडीत वापरायचा. चालताना चौघंही सीटबेल्टच्या पट्ट्यात. हे आईला पटवायला पलंग बांधण्याहून जास्त वेळ लागला.

सोफा काढला तेव्हा त्याचे दोन पट्टेही गेले. त्याचं मला दुःख नाही, कारण सोफ्याचं तोंड आडवं होतं आणि आडव्या बाकावर मुलांची सीट बसवताच येत नाही. टेबलाच्या पुढे तोंड असलेल्या बाकाला खांद्यावरून येणारे पट्टे होते, म्हणूनच आम्ही ही गाडी घेतली होती. नुसता कमरेचा पट्टा असेल तर बूस्टर सीट चालत नाही.

तुमच्यापैकी कोणी सुट्टीत मुलांना घेऊन अशी गाडी भाड्याने घेणार असाल, तर ‘किती जण झोपतात’ हे विचारूच नका. पुढे तोंड असलेले आणि खांद्याचा पट्टा असलेले बाक किती, एवढं विचारा, आणि पैसे भरण्याआधी त्या पट्ट्यांचे फोटो मागवून घ्या.